‘नंतर’चं बटण

“तिला काढणार की नाही, महाराज? एवढंच सांगा.”

महाराजांनी मान वर केली नाही. संगणकाचं झाकण उघडं होतं आणि रंगाच्या जुन्या ब्रशानं ते आतल्या पंख्यावरची धूळ झाडत होते.

“कुणाला?”

“कुंता पाडवीला. उमरकुंडच्या सिस्टरला. सगळं तिच्यामुळे झालंय.”

“सगळं म्हणजे काय?”

मेघश्यामचा आवाज चढला. “आपल्याला माहीत नाही का...?”

माहीत होतं. साऱ्या मठाला माहीत होतं.

तापीकाठच्या त्या मठाचं एक रुग्णालय होतं, आणि वर सातपुड्यात विखुरलेले छोटे दवाखाने. सगळे संगणक एकाच जाळ्यात जोडलेले. गेल्या आठवड्यात त्या जाळ्यात कसलासा घातक प्रोग्राम शिरला. सकाळी रुग्णालय उघडलं तेव्हा एकही फाइल उघडेना. ऑपरेशनं पुढे ढकलली. सिकलसेलची पोरं खांद्यावर घेऊन डोंगर उतरून आलेले बाप ओट्यावर बसून राहिले. कुठल्या पोराला मागच्या वेळी कोणतं रक्त बाधलं होतं, ते सगळं संगणकात होतं, आणि संगणक मुका झाला होता.

आता एकेक संगणक पुसून नव्यानं उभा करणं चाललं होतं. महाराज स्वतः बसले होते त्याला.

महाराज म्हणजे स्वामी अनिकेतानंद. संन्यासाआधी ते एका बँकेचे संगणक सांभाळत. घरदार, नाव, गाव, सगळं सोडून आले. राग तेवढा बरोबर आणला, असं मठातले लोक त्यांच्यामागे म्हणत.

मेघश्याम खानविलकर पुण्यातली मोठी नोकरी सोडून त्यांच्या पायाशी आला होता. पहाटेची साधना कधी चुकवली नाही. काम तर असं चोख, की कुणी बोट ठेवायला जागा नाही. आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दर महिन्याला पॅच येत. सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवणाऱ्या दुरुस्त्या. महाराज त्या एका वेगळ्या संगणकावर तपासत आणि ‘मंजूर’ म्हणत. मग मेघश्याम आपल्या खोलीत बसून एकदम सगळ्या संगणकांवर पाठवी. कोणावर लागला, कोणावर राहिला, ते त्याच्या पडद्यावर दिसे. लागला की हिरवा ठिपका. राहिला की लाल.

“ज्या भोकातून हे आत आलं,” मेघश्याम म्हणाला, “ते बुजवायचा पॅच आपण मंजूर केला होता. मी पाठवला होता. सगळीकडे लागला. फक्त उमरकुंडला नाही. का नाही? कारण तिनं जाळ्याची केबल उपटून ठेवली होती! मुद्दाम! मी विचारलं तर तोंड वर करून म्हणते, हो, मीच उपटली.”

“का उपटली?”

“ते मी कशाला विचारू?”

ब्रश थांबला.

“कुंताला बोलव.”

“महाराज, मी फक्त...”

“बोलव म्हटलं ना!”

कुंता मठातच होती. चौकशीसाठी तिला खाली बोलावलं होतं आणि सकाळपासून रुग्णालयाच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. ती आली ती दारातच थांबली. चाळिशीची, काटक. पदर कमरेला खोचलेला. डोळे तांबारलेले, पण रडून नव्हे.

“बस,” महाराज म्हणाले.

“उभी बरी आहे.”

“केबल का काढलीस?”

“यांना विचारा.”

“तुला विचारतोय.”

कुंतानं मेघश्यामकडे पाहिलं. “सर, ते ‘नंतर’चं बटण कुणी काढलं?”

मेघश्याम महाराजांकडे वळला. “पॅच लागला की संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. आधी तो विचारायचा, आत्ता की नंतर? लोक महिनोन् महिने ‘नंतर’च दाबत बसायचे. लाल ठिपक्यांनी पडदा भरलेला असायचा. म्हणून मी ते बटण बंद केलं. वेळ दुपारची ठेवली. ओपीडी संपलेली असते. आधी सूचना जाते. यात काय चुकलं?”

“ओपीडी तुमच्याकडे संपते,” कुंता म्हणाली. “बाया बाळंत व्हायच्या थांबत नाहीत दुपारी.”



“वरच्या पाड्यावरची जमना,” ती सांगू लागली. “पहिलटकरीण. बाळ बाहेर आलं ते रडेना. निळंच. डॉक्टर मॅडम पडद्यावर होत्या, इथून. त्या सांगत होत्या, मी करत होते. मान अशी धर. तोंडावरची हवेची पिशवी दाब. छाती उचलतेय का बघ... मध्येच कोपऱ्यात तुमची पाटी आली, थोड्या वेळात बंद होईल म्हणून. माझे दोन्ही हात बाळावर. मॅडम म्हणाल्या, कुंता, आता...”

ती थांबली.

“मॅडम ‘आता’ म्हणाल्या आणि पडदा गेला.”

महाराजांच्या हातातला ब्रश खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही.

“आता काय, सर?” कुंता मेघश्यामच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. “तुम्ही शिकलेले आहात, सांगा ना. आता काय करायचं होतं? वर मोबाइल लागत नाही. मी पिशवी दाबत राहिले. ती मशीन गोल गोल फिरत राहिली. परत सुरू झाली तोवर मी बाळाला फडक्यात गुंडाळलं होतं.”

मेघश्यामनं विचारलं, “ते... वाचलं असतं?”

“मला काय माहीत! मॅडमनासुद्धा माहीत नाही. त्यांना वाटलं डोंगरातलं नेट गेलं. नेहमीच जातं.”

“मला कुणीच सांगितलं नाही...”

“सांगितलं नाही?” तिचा आवाज फाटला. “दुसऱ्या दिवशी मी बाजारच्या गावाला उतरले, फोन लागावा म्हणून. तुम्हाला लावला. म्हटलं, पेशंट टेबलावर असताना तुमची मशीन बंद पडली. तुम्ही काय म्हणालात? आठवतं?”

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही.

“सिस्टर, पॅच मंजूर होता, म्हणालात. सूचना पाठवली होती, म्हणालात. तक्रार असेल तर मेल करा, म्हणालात. आणि फोन ठेवलात. वर गेले आणि केबल उपटली मी. पुन्हा उपटीन.”

महाराज आता उठून उभे होते. पण बोलले ते कुंताला.

“उपटलीस ते कळलं. मग परत का लावलीस?”

“महिन्याचा रिपोर्ट पाठवायला. तो आला नाही तर इथून औषधं वर येत नाहीत. लावायची, पाठवायचं, काढून टाकायची.”

“आणि जिला कसलंच संरक्षण उरलं नाही ती मशीन तू अशी दर महिन्याला सगळ्यांच्या मशीनला आणून टेकवत होतीस. माझ्याकडे यायला पाय नव्हते तुला? यानं ऐकलं नाही, तर मी मेलो होतो?”

“तुम्ही कधी वर आलात, महाराज? उद्घाटनाला आलात. हार घातला तुम्हाला.”

मेघश्यामनं दचकून महाराजांकडे पाहिलं. त्यांच्याशी असं कुणी बोलत नसे.

महाराजांच्या कपाळावरची शीर उडत होती. पण ते मेघश्यामकडे वळले.

“तिची केबल काढलेली होती. महिनोन् महिने. तुझ्या पडद्यावर लाल ठिपका आला असेल.”

“आला होता.”

“मग गेल्या सभेत तू मला पडदा दाखवलास, तो सगळा हिरवा कसा होता?”

“मेघश्याम.” महाराज एक पाऊल पुढे आले.

“जो संगणक जाळ्यात सापडतच नव्हता, तो... मी पडद्यावरून काढून टाकला होता. उगाच सगळ्यांचा हिशेब बिघडत होता.”

“काढून टाकलास.”

“हो.”

“आणि आत्ता मला विचारतोस, तिला काढणार की नाही. तू तर तिला आधीच काढलीस की रे.”

मेघश्यामनं मान खाली घातली, पण क्षणभरच. तो दुखावला होता आणि दुखावला की तो वाद घाली.

“महाराज, पॅच आपण मंजूर केला होता. बटण काढायचंही मी आपल्याला विचारलं होतं. आपण ‘ठीक’ म्हणालात. मी आज्ञेबाहेर एक पाऊल टाकलं नाही. मग माझा दोष कोणता?”



“हो,” महाराज म्हणाले. “म्हणालो होतो ठीक.”

त्यांनी टेबलावरचा पॅचचा पेनड्राइव्ह उचलला आणि मेघश्यामच्या छातीवर असा आपटला की तो मागे सरला.

“जा हिच्याबरोबर. तिथला संगणक पूस, नवा कर, हा पॅच स्वतःच्या हातानं लाव. कधी लावायचा ते ही सांगेल. ही ‘लावा’ म्हणेपर्यंत बोट लावलंस, तर मठात पाऊल ठेवू नकोस.”

“आणि हिला काय शिक्षा?”

“चालता हो!”

दुसऱ्या दिवशी उजाडताच जीप निघाली. वाटेत दोघं एक शब्द बोलले नाहीत. कुंता ड्रायव्हरशेजारी बसली. मेघश्याम मागे, औषधांच्या खोक्यांत, गुडघे पोटाशी घेऊन. प्रत्येक वळणावर त्याचं डोकं लोखंडी दांडीवर आपटत होतं. त्याला सगळ्यांचा राग येत होता. कुंताचा. महाराजांचा. रस्त्याचा. आपल्याला साधना शिकवणाऱ्या माणसानं आपल्यावर, एका सिस्टरसमोर, हात उगारावा, याचा तर फारच.

उमरकुंडचा दवाखाना म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढे पडवी. पडवीत आधीच माणसं बसली होती. काल सिस्टर नव्हती, म्हणून आज दुप्पट.

जुनं सगळं पुसून संगणक नव्यानं उभा करायला मेघश्यामला फार वेळ लागला नाही. पॅच तेवढा राहिला.

“लावू?”

“नाही,” कुंता म्हणाली. एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम ती धूत होती.

त्यानं थोडा वेळ जाऊ दिला.

“आता?”

“लसीची पोरं आहेत. नोंदी घालायच्यात.”

पुन्हा काही वेळानं तो उठला. तिनं मान वर न करता म्हटलं, “बसा, सर.”

तो बसला. पडवीत, बायांच्या आणि पोरांच्या मध्ये. एक पोर त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला नाक पुसून गेलं. त्याचे कान तापले. एका दुरुस्तीसाठी, जी तो खाली बसल्या बसल्या क्षणात करू शकला असता, त्याला इथं ताटकळत ठेवलं होतं. ही बाई सूड घेतेय, असं त्याला वाटलं. घेतही असेल.

पण ती एकदाही रिकामी बसली नव्हती, हेही त्याला दिसलं. ते दिसायला नको होतं, असं वाटलं.

दुपार झाली. पडवी रिकामी होत आली. कुंतानं हात धुतले, पुसले, आतल्या खोलीतल्या खाटेवर कुणी नाही ना ते पाहिलं.

“लावा.”

त्यानं पॅच लावला. संगणक बंद झाला आणि पुन्हा सुरू होऊ लागला. काळ्या पडद्यावर ठिपके गोल फिरू लागले. आता कुणालाच काही करता येण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात एक तरणी बाई पडवीत आली आणि खांबाला टेकून बसली. कुंता गोळ्या आणायला आत गेली.

बाईनं पडद्याकडे पाहिलं. मग मेघश्यामकडे.

“तुम्ही मशीनवाले?”

“हो.”

“माझ्या वेळी पण ती अशीच फिरत होती.”

मेघश्यामनं ओळखलं, ही जमना.

“मी विचारलं कुंताताईला, मधेच कशी गेली? ताई म्हणाली, दमली असेल.” बाई पडद्याकडेच बघत होती. “मशीन दमते का हो?”

आत गोळ्यांच्या डब्यांचा आवाज थांबला. कुंता दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

“हो,” मेघश्याम म्हणाला. “...दमते.”

जमनानं मान हलवली. तिला पटलं. गोळ्या पदरात बांधून ती पायवाटेनं निघून गेली.

संगणक सुरू झाला. कुंतानं केबल हातात घेऊन स्वतःच खोचली.

“झालं ना?” ती म्हणाली. “निघा आता.”

“सिस्टर, मी...”

“निघा म्हटलं ना.”

उन्हं कलली तेव्हा जीप मठात पोचली. महाराज रुग्णालयाच्या पायरीवर बसले होते. कितीएक दिवसांत प्रथमच ते त्या खोलीबाहेर दिसत होते.

“लागला,” मेघश्याम म्हणाला. “आता एकही मशीन राहिली नाही. उमरकुंड पडद्यावर परत घेतलंय. आणि ‘नंतर’चं बटण मी उद्या सगळ्यांना परत देतो. जिथं बाळंतपणं होतात तिथं आधी विचारल्याशिवाय काही पाठवणार नाही.”

“बरं.”

तो उभाच राहिला.

“अजून काय?”

“जमना भेटली.”

महाराजांनी वर पाहिलं.

“तिनं विचारलं, मशीन दमते का. कुंतानं तिला तसं सांगितलंय.”

“तू काय म्हणालास?”

“काय म्हणालास?” महाराजांनी पुन्हा विचारलं.

“दमते म्हणालो.”

महाराज उठले. त्यांचा चेहरा असा झाला होता की पायरीवरून उतरणारे दोन वॉर्डबॉय तिथूनच मागे फिरले.

“कुंतानं सांगितलं ते तिच्या तोंडाकडे बघून, बाळ हातात असताना सांगितलं. तू कशासाठी सांगितलंस?”

“तिला खरं कळून काय होणार होतं, महाराज? मूल परत येणार आहे? उलट दुःखच होईल. मी तिला त्रास वाचवला.”

“तिला?”

महाराज एक पायरी खाली उतरले. 

“तिला वाचवलंस?”

“...नाही.”

“मग कुणाला?”

अंगणात ड्रायव्हर बादलीनं जीपच्या काचेवरचा धुरळा धूत होता. मेघश्याम बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिला. सकाळपासून उकळत आलेला त्याचा राग आता कुणावर टाकावा ते त्याला सुचत नव्हतं. खाली टाकायला जागा नव्हती. तो स्वतःच्या हातात धरून त्याला उभं राहावं लागत होतं.

“मला मारून टाकतील तिचे लोक,” तो शेवटी म्हणाला.

“मारतील कदाचित.”

“ती मला शिव्या देईल.”

“देईल.”

“...काही बोललीच नाही तर?”



मेघश्याम वळला. जीपपर्यंत गेला. ड्रायव्हरला म्हणाला, “पुन्हा वर जायचंय.” ड्रायव्हरनं बादली खाली ठेवली, काहीतरी पुटपुटला आणि गाडीत बसला. मेघश्याम त्याच्या शेजारी बसला आणि दार ओढून घेतलं.

ते दार बाहेरून कुणीतरी हिसका देऊन उघडलं.

महाराज अनवाणी उभे होते. हात अजून धुळीनं माखलेले. रागानं श्वास फुलला होता.

“आपण कुठे...?” मेघश्याम म्हणाला.

“सरक तिकडे. पहिलं मी बोलणार.”